शॅमेलिऑन पालन

सरीसृप वर्गाच्या कॅमेलिओनिडी कुलातील सरड्यांना शॅमेलिऑन किंवा सरडगुहिरे म्हणतात. यूरोप व अमेरिकेत हौसेखातर पाळल्या जाणाऱ्या जातींपैकी कॅमेलिओ कॅलिप्ट्रॅटस ही प्रमुख जाती मूळची येमेन व नैर्ऋत्य सौदी अरेबिया येथील आहे. हिच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. हा प्राणी एकलकोंडा असल्याने एका पिंजऱ्यात एकच ठेवतात. दुसरा शॅमेलिऑन सतत दृष्टीस पडल्यासही त्याच्यावर ताण येतो व बहुधा त्याचा रंग गडद होतो.

पिंजरा : पूर्ण वाढलेल्या नरास सु. ६० × ६० × १२० सेंमी. मापाचा, हवा खेळती राहील असा जाळीचा पिंजरा लागतो. वरच्या फांदीवर दिवसा सु. ३०° से. ऊब मिळेल अशा बेताने दिवा लावतात. जंबुपार किरण देणारा दिवाही आवश्यक असतो. या किरणांमुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते व त्याच्या योगे अन्नातील कॅल्शियमाचे शोषण होते. साधी काच हे किरण बव्हंशी अडविते. त्यामुळे बंद खिडकीतून येणारे ऊन पुरेसे पडत नाही.

वनस्पती : फांद्यांचा आधार व पानांचा आडोसा मिळावा म्हणून कुंडीतील रोपे ठेवतात. हा प्राणी साचलेले पाणी सहसा पीत नाही, पानांवरील थेंब टिपतो; म्हणून रोज तुषार फवारतात. ही जाती पानेही खात असल्याने जास्वंदीसारखी बिनविषारी झाडे निवडतात. कण्हेर वर्ज्य होय.

अन्न : रातकिडे, झुरळे व रेशीमकिडे हे मुख्य अन्न होय. रातकिड्यांत फॉस्फरसाच्या मानाने कॅल्शियम फार कमी असते. म्हणून त्यांना आदल्या दिवशी सकस पाला चारतात व देतेवेळी त्यांवर कॅल्शियमयुक्त चूर्ण भुरभुरतात. कॅल्शियम कमी पडल्यास हाडे मऊ होऊन वाकतात व जीभ नीट फेकता येत नाही.

नराशी संयोग न होताही मादी अफलित अंडी घालते. त्यासाठी उकरता येण्याजोगी ओलसर वाळू न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावू शकते.

भारतातील कॅमेलिओ झेलॅनिकस ही जाती वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून ती पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. पाळलेले परदेशी शॅमेलिऑनही मोकळे सोडणे इष्ट नसते. फ्लॉरिडा व हवाई येथे कॅ. कॅलिप्ट्रॅटस जाती अशाच रीतीने निसर्गात शिरली.