विद्यापीठाचे ज्ञान आणि गावाचा ताळेबंद

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी विराजमान आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गावाबाहेरच्या शिवारात मात्र निराळ्या अर्थाने अधांतरी असलेला संसार दिसतो. तो कोरडवाहू सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा होय. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की पीक करपते आणि काढणीच्या वेळी तो कोसळला की पदरी पडलेलेही भिजते. अशा शेतीला तग धरण्याचे बळ देणे, हे विद्यापीठांचे काम आहे काय?

निःसंशय आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, ते विदर्भाच्या शेतीसाठीच. या विद्यापीठाने सोयाबीनचे नवे वाण दिले आणि रुंद वरंबा-सरी पद्धतीचा पुरस्कार केला. या पद्धतीत वरंब्यावर पीक घेतात. पावसाचा खंड पडला तर सरीत मुरलेला ओलावा उपयोगी पडतो आणि अतिवृष्टी झाली तर जादा पाणी सरीतून निघून जाते. एकाच उपायाने दोन्ही संकटांची धार बोथट होते.

दुसरे उदाहरण पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे. विश्व बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीम जिल्ह्याचाही समावेश झाला. त्यासाठी या संस्थेने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत तयार केली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, जमिनीत किती मुरला आणि पिकांना किती लागणार, याचा हा हिशेब. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. भूजल सामाईक असते, उपसा मात्र खासगी. जमाखर्च सर्वांसमोर आला, की नवी कूपनलिका हा एकट्याचा प्रश्न उरत नाही.

तथापि, येथेच सहकार्याची खरी कसोटी लागते. प्रयोग फसला तरी संशोधकाच्या हाती एक निष्कर्ष लागतो. शेतकऱ्याचे मात्र वर्ष जाते. लाभ दोघांचा आणि जोखीम एकट्याची, अशी भागीदारी न्याय्य म्हणता येणार नाही. म्हणून प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर होणाऱ्या नुकसानीचा भार योजनेनेच उचलला पाहिजे. शिवाय प्रकल्पाची मुदत संपली की तज्ज्ञ परततात. मग ताळेबंदाची वही कोणी चालवायची?

याचे उत्तर जवळच आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी या जिल्ह्यातील महाविद्यालये संलग्न आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. हे श्रेयांक चिकटवहीतील कात्रणांवर खर्ची पडू नयेत. शिरपुरातील विहिरींची पातळी दरमहा मोजावी, पेरणीचा खर्च व उतारा नोंदवावा आणि तो हिशेब विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्यातील बहुतेक विद्यार्थी शेतकऱ्यांचीच मुले आहेत; चुकीचा आकडा त्यांना घरीच दुरुस्त करून मिळेल.

अकोल्याचे वाण आणि पवईचे गणित मोलाचे खरे. परंतु ते गावात टिकायचे, तर वही गावातल्याच हातात हवी.