‘अनधिकृत’ म्हटल्यानं खर्च सुटत नाही

उमेदवाराच्या समर्थकांनी हौसेनं काढलेलं संकेतस्थळ किंवा फेसबुक पान उघडलं की तळाशी एक ओळ हमखास सापडते: ‘हे अनधिकृत पान आहे. उमेदवाराचा किंवा पक्षाचा याच्याशी संबंध नाही.’ मे २०२४ची लोकसभा, त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेली विधानसभा आणि जवळजवळ नऊ वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२६मध्ये झालेली पुणे महापालिकेची निवडणूक, या तिन्ही वेळा ही ओळ वाचली आणि तिच्यामागचा युक्तिवादही ऐकला. आम्ही स्वयंसेवक आहोत, उमेदवाराकडून दमडी घेतलेली नाही, खर्च आमच्या खिशातला आहे, तेव्हा निवडणूक खर्चाच्या नियमांशी आमचा काय संबंध? हे सांगणारी माणसं शिकलेली असतात, बरीचशी बाणेर-बालेवाडी, खराडीकडच्या आयटी कंपन्यांमधली. रात्री जागून काम करतात, हेतूही स्वच्छ असतो. म्हणूनच चीड येते, कारण समज साफ चुकीचा आहे आणि ज्याच्यासाठी ही मंडळी राबतात तो उमेदवारच त्यापायी अडचणीत येऊ शकतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ वाचावं. चार-पाच ओळींचंच आहे. उमेदवाराच्या लेखी अधिकारपत्राशिवाय जो कुणी त्याच्या निवडणुकीला हातभार लागावा म्हणून जाहीर सभा, जाहिरात, पत्रक, प्रकाशन किंवा ‘अन्य कोणत्याही प्रकारे’ खर्च करेल, त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे गुन्हा उमेदवाराचा नाही, खर्च करणाऱ्याचा आहे. आता तळाची ती ओळ पुन्हा वाचा. उमेदवाराचा संबंध नाही, म्हणजे त्याची लेखी संमती नाही. होस्टिंगचे पैसे भरलेत, डिझायनरचं बिल दिलंय, पोस्ट बूस्ट केल्या आहेत आणि वर स्वतःच लिहून ठेवलंय की संमती घेतलेली नाही. ज्या ओळीला ढाल समजून लावलं जातं, ती प्रत्यक्षात कबुली आहे.

संमती घेतली तर? मग कलम १७६ची बाधा नाही, पण तो खर्च उमेदवाराच्या हिशोबात जातो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम ७७प्रमाणे उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत उमेदवारानं किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीनं केलेला, तसंच त्यांनी करायला परवानगी दिलेला प्रत्येक खर्च नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख ही मर्यादा जानेवारी २०२२पासून आहे. तेव्हा पैसे खर्च करणाऱ्या समर्थकापुढे दोनच रस्ते आहेत: लेखी संमती आणि उमेदवाराच्या वहीत नोंद, नाहीतर संमतीविना खर्च आणि गुन्हा. उमेदवाराच्या वहीतही नाही आणि कायद्याच्या कक्षेतही नाही, असा तिसरा रस्ता या कायद्यात नाही.

हा समज इतका घट्ट का बसला, याला इतिहास आहे. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात ऑक्टोबर १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पक्षानं किंवा समर्थकांनी एखाद्या उमेदवारासाठी केलेल्या खर्चाचा फायदा त्यानं जाणूनबुजून घेतला, तर तो खर्च त्याचाच धरावा. निकालाची शाई वाळायच्या आत, त्याच महिन्यात, सरकारनं वटहुकूम काढला आणि पक्षाचा, संघटनेचा, कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीचा खर्च उमेदवाराच्या हिशोबातून वगळला. पुढे त्याचा कायदा झाला आणि १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. १९९१च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीवरून गाजलेला विखे-गडाख खटला जुन्या वाचकांना आठवत असेल. त्याच्या १९९३च्या निकालपत्रात न्यायालयानं याच पळवाटेवर बोट ठेवलं होतं आणि खर्चमर्यादा त्यामुळे जवळपास निरर्थक होते, हे नोंदवलं होतं. अखेर २००३च्या दुरुस्तीनं ती सवलत आवळली. आता उमेदवाराच्या खात्यातून वगळला जातो तो पक्षाच्या जाहीर केलेल्या प्रमुख नेत्यांचा प्रवासखर्च, तोही पक्षप्रचारासाठी केलेला.

म्हणजे १९७४ ते २००३ अशी जवळजवळ तीस वर्षं ‘लोकांनी केलेला खर्च धरत नाहीत’ हे वाक्य कलम ७७पुरतं खरं होतं. त्या काळात तयार झालेले कार्यकर्ते आजही नव्या मुलांना तेच शिकवतात. कायदा बदलून वीस वर्षं उलटून गेली तरी मंडळाच्या कट्ट्यावरचा सल्ला बदललेला नाही. आणि त्या तीस वर्षांतही संमतीविना खर्च हा स्वतंत्र गुन्हा होताच. तेव्हा ते कलम दंड संहितेत १७१-एच म्हणून होतं. १९२०च्या कायद्यानं ते आलं आणि १ जुलै २०२४पासून न्याय संहितेत कलम १७६ झालं.

दुसरा युक्तिवाद अमेरिकेतून येतो. तिथे स्वयंसेवकांची संकेतस्थळं मोकळी आहेत, मग इथे का नाहीत? तिथली माहिती बरोबर आहे. अमेरिकेच्या संघीय निवडणूक आयोगानं २००६मध्ये नियम केला की मोबदला न घेता एखाद्यानं इंटरनेटवर केलेला प्रचार ही देणगीही नाही आणि निवडणूक खर्चही नाही. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर पैसे देऊन लावलेली जाहिरात तेवढी नियमात येते. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६मध्येच निवडणुकीतल्या खर्चावर मर्यादा घालणं म्हणजे अभिव्यक्तीवर मर्यादा घालणं, अशी भूमिका घेतली. आपण पैशाच्या जोरावर निवडणूक वाकू नये म्हणून खर्चाला मर्यादा घालायची, ही वाट निवडली. तिथली सूट इथल्या कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. पुण्यातल्या मतदारसंघात प्रचार करताना वॉशिंग्टनचा नियम सांगून उपयोग काय?

मग हौसेनं लिहिणाऱ्यानं तोंड बंद करायचं का? मुळीच नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. कलम १७६ खर्चाबद्दल आहे, मताबद्दल नाही. स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या खात्यावर रोज दहा पोस्ट लिहा, उमेदवाराची बाजू मांडा, विरोधकाच्या मुद्द्यांना उत्तर द्या. त्यात पैसा खर्च होत नाही, तेव्हा खर्चाचा प्रश्नच येत नाही. निवडणूक आयोगानं २५ ऑक्टोबर २०१३ला सोशल मीडियाबद्दल सविस्तर सूचना काढल्या. उमेदवाराच्या खर्चात काय धरायचं ते त्यांत लिहिलं आहे: इंटरनेट कंपन्यांना आणि संकेतस्थळांना जाहिरातीसाठी दिलेले पैसे, मजकूर आणि चित्रफिती तयार करण्याचा खर्च, आणि खाती सांभाळणाऱ्यांना दिलेला पगार किंवा मजुरी. विनामोबदला दिलेल्या वेळेचा तिथे उल्लेख नाही. मात्र एखाद्या कंपनीनं आपल्या पगारावरची दोन मुलं महिनाभर उमेदवाराच्या कामाला दिली, तर ते स्वयंसेवकाचं काम राहत नाही. ती वस्तुरूपातली देणगी होते आणि तिची किंमत हिशोबात दाखवावी लागते.

याच सूचनांच्या शेवटी आयोगानं एक गोष्ट मान्य केली होती. उमेदवार आणि पक्ष सोडून इतरांनी टाकलेल्या, पण प्रचाराशी वाजवीपणे जोडता येईल अशा मजकुराचं काय करायचं, याबद्दल संबंधित मंत्रालयाशी विचारविनिमय चालू आहे, असं त्यांत म्हटलं आहे. समर्थक मंडळी नेमकं हेच वाक्य दाखवतात: बघा, आमच्यासाठी नियमच नाही. पण ते वाक्य मजकुराबद्दल आणि आचारसंहितेबद्दल आहे. खर्चाचं कलम तेव्हाही होतं, आजही आहे.

पैसे देऊन पोस्ट पुढे ढकलायची म्हटली की आणखी एक अडसर येतो, आणि तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. राजकीय जाहिरात टीव्हीवर किंवा सोशल मीडियावर देण्याआधी माध्यम प्रमाणन समितीकडून मंजुरी घ्यावी लागते. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४च्या आदेशात आहे. उमेदवारानं किंवा नोंदणीकृत पक्षानं तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस. आणि इतरांनी अर्जासोबत शपथेवर लिहून द्यायचं असतं की ही जाहिरात कोणत्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि तिचे पैसे त्यांनी दिलेले नाहीत. ‘अमुक यांनाच विजयी करा’ म्हणणाऱ्या पानाच्या चालकानं ही शपथ घ्यायची कशी? पैसे उमेदवारानं दिलेले नाहीत हे खरं असेल, पण फायदा त्याचाच आहे. खोटी शपथ हा वेगळा गुन्हा. म्हणजे इथेही सरळ मार्ग एकच उरतो: उमेदवारामार्फत अर्ज आणि उमेदवाराच्या खात्यातून पैसे.

‘दंडच ना, दहा हजार भरू’ हेही ऐकू येतं. भरणारा स्वयंसेवक असेल, पण खर्च निरीक्षकाची माणसं प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र छाया नोंदवही ठेवतात आणि दिसलेला खर्च ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे त्यात चढवतात. तुमच्या पानावरची जाहिरात तिथे दिसली आणि उमेदवाराच्या वहीत नसली, तर नोटीस त्याला जाते. त्यानं ‘मला ठाऊक नाही’ म्हटलं की बोट तुमच्याकडे वळतं. ठाऊक होतं असं निघालं, तर रक्कम त्याच्या माथी. निकालानंतर ३० दिवसांत योग्य रीतीनं हिशोब दिला नाही, तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. मर्यादा ओलांडणं तर भ्रष्ट आचरणात मोडतं आणि त्यावरून निवडणूकच रद्द होऊ शकते. अशोक चव्हाण यांच्या २००९च्या भोकरमधल्या निवडणुकीचा खर्च २०१४पर्यंत आयोगापुढे आणि न्यायालयात गाजत होता. आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४मध्ये रद्द केला. वाद मुख्यतः हाच होता की इतरांनी दिलेल्या जाहिरातींना उमेदवाराची संमती होती असं धरायचं का. ते निर्दोष ठरले, पण त्यात पाच वर्षं गेली. आपल्या हौशी पानापायी आपल्या माणसावर अशी पाच वर्षं यावीत, असं कोणत्या समर्थकाला वाटेल?

कायद्यातही खोट आहे. कलम १७६मध्ये एक सवलत आहे: खर्च दहा रुपयांच्या आत असेल, तर दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळवून चूक सुधारता येते. ही दहा रुपयांची रक्कम १९२०पासूनची आहे. नवी संहिता करताना दंड पाचशेवरून दहा हजारांवर नेला आणि सवलत मात्र जिथल्या तिथे ठेवली. दहा रुपयांत आज चार-पाच झेरॉक्स निघतात. वर्षाला हजार-बाराशे रुपये भरून साधं संकेतस्थळ चालवणारा विद्यार्थी आणि लाखोंच्या जाहिराती लपवून चालवणारी टोळी यांना कायदा एकाच मापानं मोजतो, हे अन्यायकारक आहे. ही रक्कम वाढवून आजच्या काळाला साजेशी करायला हवी, छोट्या समर्थकाला नोंदणीची सोपी सोय हवी. तसं होईपर्यंत मात्र लिहिलेला कायदाच लागू राहणार.

‘उमेदवार’ या शब्दाबद्दलही घोळ आहे. न्याय संहितेतल्या व्याख्येप्रमाणे अर्ज भरून नामनिर्देशित झालेली व्यक्ती म्हणजे उमेदवार. त्यामुळे वर्षभर आधी इच्छुकासाठी काढलेल्या पानाच्या जुन्या खर्चाला कलम १७६ लागत नाही. पण आधी करून ठेवलेलं साहित्य अर्ज भरल्यानंतर वापरलं, तर आयोग ते उमेदवाराच्या खर्चात धरतो.

‘महापालिकेला हे काही नाही’ हा जानेवारी २०२६च्या निवडणुकीतला नवा समज. महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे असते आणि खर्चाच्या मर्यादा तोच ठरवतो, हे खरं. पण न्याय संहितेतल्या निवडणुकीच्या व्याख्येत नगरपालिका-महापालिकाही येतात. कलम १७६ प्रभागातल्या उमेदवाराच्या समर्थकालाही लागू आहे.

पानावरची पीडीएफ छापून सोसायटीत वाटली, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम १२७-अ लागतं: मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मतदानाआधीच्या प्रचारबंदीच्या ४८ तासांत आधीच पैसे भरलेली जाहिरात आपोआप चालू राहिली तर दोष कंपनीचा, असं नाही. ती थांबवणं तुमचं काम. २०१९मध्ये कंपन्यांनी स्वीकारलेल्या स्वेच्छासंहितेत आयोगाची सूचना आल्यावर तीन तासांत कारवाईचं आश्वासन आहे, पण त्यानं तुमची जबाबदारी टळत नाही.

‘पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, मग आम्ही पक्षासाठीच करतोय.’ पक्षाला मर्यादा नाही, बरोबर. तुम्ही पक्ष नाही.

समर्थकांकडून स्वतःच्या यूपीआय क्रमांकावर वर्गणी गोळा करू नका. निवडणुकीसाठी उमेदवारानं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं असतं आणि सारा व्यवहार तिथूनच करायचा असतो. वर्गणी त्याच खात्यात जाऊ द्या.

आणि परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे. पुण्यात घरटी कुणीतरी न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियात असतं, आणि ‘आपलाच मुलगा आहे, त्याचे पैसे परदेशी कसे?’ हा प्रश्न येतोच. इथे नातं नाही, पासपोर्ट बघतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं आपल्या वैयक्तिक बचतीतून दिलेले पैसे परदेशी योगदान ठरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलेला मुलगा, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत आहे, आणि परदेशी योगदान कायदा २०१०च्या कलम ३नुसार उमेदवाराला आणि पक्षाला असे पैसे घेता येत नाहीत. त्यानं त्याच्या क्रेडिट कार्डावरून तिकडून तुमच्या पानाची जाहिरात बूस्ट करून दिली, तर एकाच फटक्यात दोन कायदे मोडण्याचा धोका उभा राहतो. असा प्रस्ताव आला तर सरळ नाही म्हणावं.