गच्चीवरचा उभा अँटेना

हौशी रेडिओ, ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात, त्याची आठवण आपल्याकडे बहुधा संकट आलं की होते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, या दोन्ही वेळी निरोप पोचवायला ही मंडळी धावली. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा तर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला रेडिओ लावूनच बसले होते. जगातल्या हौशी मंडळींशी बोलायला गेलेला तो चमू बघता बघता बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागला.

अशा वेळी कौतुक होतं ते रेडिओचं. पण संच कितीही भारी असो, त्याचा आवाज बाहेर जातो तो अँटेनातून. आपले वडील ज्याला एरियल म्हणत, तोच हा. तो नादुरुस्त असेल तर टेबलावर लाखाचा संच असूनही तुमची हाक पलीकडच्या गल्लीत पोचणार नाही. म्हणून आज बोलायचं आहे ते त्या उभ्या नळीबद्दल.

उभा अँटेना मार्कोनीइतकाच जुना. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकण्यासाठी त्याने न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधून तार वर चढवली होती. आपल्याला पतंग नको, ॲल्युमिनियमच्या नळ्या पुरतात. १४.२ मेगाहर्ट्झवर बोलायचं असेल तर तरंगलांबी साधारण २१ मीटर होते. तिचा पाव भाग म्हणजे सव्वापाच मीटर. नळीत लाट थोडी आखूड पडते, म्हणून पाच टक्के वजा केले की उंची आली पाच मीटर. जागा लागते जेमतेम कुंडीएवढी, आणि आवाज चारी दिशांना, क्षितिजालगत जातो. दूरच्या देशांसाठी हे उत्तम. पण मुंबईहून नागपूरशी किंवा कोल्हापूरशी बोलायचं असेल तर उभ्या अँटेनाचा हट्ट धरू नये. तिथे ७ मेगाहर्ट्झवर कमी उंचीची आडवी तारच बरी, कारण ती लाट वर फेकते आणि ती आकाशातून परतून जवळपास उतरते.

आता दुरुस्तीकडे वळू. अलिबागजवळ माझ्या एका मित्राची नारळाची वाडी आहे. तिथे कित्येक पावसाळे काढलेला एक उभा अँटेना होता. मित्राची तक्रार अशी, की मीटर म्हणतं सारं ठीक आहे, पण माझं कुणी ऐकत नाही. आम्ही मे महिन्यात तो खाली उतरवला. नळ्या एकमेकींत सरकवून क्लिपांनी आवळलेल्या होत्या आणि प्रत्येक सांध्यात पांढरी भुकटी. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर हा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. पॉलिश पेपरने आतून-बाहेरून घासून धातू चकचकीत केला, सांध्यांत मिळणारा गंजरोधक मलम लावला आणि क्लिपा नव्या घातल्या. खालच्या सांध्यांवर जास्त घाम गाळला, कारण पाव लाटेच्या अँटेनात सर्वाधिक प्रवाह पायथ्याशी असतो आणि वर शेंड्याकडे तो शून्याला येतो. पायथ्याशी एक तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमवर आवळलेली होती. हे दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की आयतीच बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घातला की काम भागतं.

मग केबल. मल्टिमीटरने तपासली तर कुठे तुटलेली नव्हती, शॉर्टही नव्हती. बरेच जण इथेच थांबतात. आम्ही टोक कापून पाहिलं. आतली तांब्याची जाळी काळी पडली होती. जाळी वातीसारखं पाणी शोषते, आणि ते मीटर-दोन मीटर आत जातं. अशी केबल वाळवत बसू नये, सरळ नवी घ्यावी. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी आणि केबलला खाली एक झोका द्यावा, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता तिथून ठिबकतं.

तरीही मीटर ठीक कसं दाखवत होतं? हे मीटर अँटेनाकडून परत येणारी शक्ती मोजतं. आकडा १ म्हणजे काहीच परत आलं नाही, ३ म्हणजे पाव शक्ती परत आली. भिजलेली केबल जाणारी आणि येणारी, दोन्ही खाते. परत काही येत नाही म्हणून मीटर खूष. माझ्या मते या छंदात मीटरचा आकडा नको इतका पूजला जातो.

जमिनीचंही तसंच. पाच मीटरची नळी हा निम्माच अँटेना, उरलेला निम्मा म्हणजे जमीन. मित्राकडे जमिनीत एकच सळई ठोकलेली होती. या अँटेनाचा खरा रोध ३६ ओहम आणि केबल ५० ओहमची. समजा मातीतला तोटा १४ ओहम भरला, तर बेरीज बरोबर ५०. मीटरवर आकडा १, आणि शंभरातल्या अठ्ठावीस वॅटची माती! आम्ही पायथ्यापासून चौफेर, पाच-पाच मीटरच्या सोळा तारा जमिनीवर पसरल्या आणि मध्यभागी एकत्र डाख दिला. आकडा वाढून १.४ च्या आसपास गेला. मित्राचा चेहरा उतरला, पण सुधारलेल्या अँटेनाचंच ते लक्षण. त्या संध्याकाळी समोरून उत्तरं येऊ लागली.

गच्चीवर माती नसते. तिथे पायथा उंच घेऊन पाच मीटरच्या चार तारा छत्रीच्या काड्यांसारख्या खाली उतरवायच्या. पंचेचाळीस अंशांच्या आसपास रोध ५० ओहमजवळ येतो. मात्र तारांच्या टोकांना बोलताना बरंच व्होल्टेज असतं. सोसायटीतल्या कुणी त्यांवर कपडे वाळत घालता कामा नयेत!

लांबी जुळवताना नळी थोडी लांबच ठेवावी. १४ मेगाहर्ट्झवर एक सेंटीमीटर कमी केला की वारंवारता सुमारे २८ किलोहर्ट्झने वर सरकते, म्हणून कापायचं ते बेताबेताने. हल्ली तळहातावर मावणारी विश्लेषक यंत्रं स्वस्त झाली आहेत, ती रोधही दाखवतात. ती घ्यावीत.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. नळी उभी करण्यापूर्वी मान वर करून वीजवाहिन्या बघा. नळी कुठल्याही बाजूला आडवी झाली तरी तारेपासून भरपूर लांब राहिली पाहिजे. उंचीच्या दुप्पट अंतर ठेवावं. ११ हजार व्होल्टच्या तारेला ॲल्युमिनियमची नळी टेकली तर चूक सुधारायला माणूस उरत नाही. नळी उभी करताना किमान तिघे हवेत, आणि वारा असेल त्या दिवशी काम नको. ताणाच्या दोऱ्या नायलॉनच्या किंवा तत्सम घ्याव्यात, धातूच्या नकोत.

रेडिओवरून बोलायला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते. अँटेना दुरुस्त करायला मात्र पान्हा, पॉलिश पेपर आणि एक रविवार पुरतो. सारी मोजमापं एका कागदावर लिहून संचाच्या खणात ठेवा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं आणि आकडा आपोआप ‘सुधारलेला’ दिसला, तर आधी केबलचं टोक कापून बघा. आणि वळवाचे ढग गडगडू लागले की केबल संचापासून काढून घराबाहेर टाका.