ब्रॉडवेवरचा स्तंभ आणि अणू

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उंच इमारतींच्या गर्दीत सेंट पॉल चॅपेल हे १७६६ सालचे छोटेसे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या आवारात जुन्या कबरींबरोबर दोन स्मारकस्तंभ दिसतात. एक टॉमस अ‍ॅडिस एमेट या वकिलाचा आणि दुसरा डॉ. विल्यम जेम्स मॅकनेव्हन यांचा. दोघेही आयर्लंडमधून परागंदा झालेले देशभक्त. गंमत म्हणजे मॅकनेव्हन यांना येथे पुरलेलेच नाही. त्यांची कबर क्वीन्स भागात, पत्नीच्या माहेरच्या, म्हणजे रायकर घराण्याच्या दफनभूमीत आहे.

मॅकनेव्हन यांचा जन्म १७६३ सालचा, गॉलवे परगण्यातला. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिकांना उच्च शिक्षणाची दारे जवळजवळ बंद होती. म्हणून लहानपणीच त्यांची रवानगी प्रागला, वैद्य असलेल्या काकांकडे झाली. १७८४ साली व्हिएन्नात वैद्यकाची पदवी घेऊन ते डब्लिनला परतले आणि 'युनायटेड आयरिशमेन' या क्रांतिकारी संघटनेत शिरले. १७९८ साली अटक झाली. पुढची चार वर्षे तुरुंगात गेली, त्यांतली बरीचशी स्कॉटलंडमधल्या फोर्ट जॉर्ज किल्ल्यात. सुटकेनंतर युरोपात थोडे भटकून ते १८०५ साली न्यूयॉर्कला उतरले. तेथे 'कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स'मध्ये १८०८ साली प्रसूतिशास्त्राचे आणि पुढे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विज्ञानशिक्षकाला त्यांची आठवण व्हावी ती १८१९ सालच्या एका छोट्या पुस्तकासाठी. त्याच्या नावाचा अर्थ असा: 'रसायनशास्त्रातील अणुसिद्धांत आणि निश्चित प्रमाणांचे तत्त्व यांचे विवरण.' डाल्टन यांचा ग्रंथ निघून तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते नावातले 'आणि'. निश्चित प्रमाण ही तराजूने पडताळता येणारी गोष्ट, तर अणू हे तिचे स्पष्टीकरण. या दोन गोष्टी एक नव्हेत.

शाळेत आम्ही डाल्टन यांचे मुद्दे पाठ केले आणि पूर्ण गुण मिळवले. अणू कोणी पाहिला नव्हता, मग तो मानायचा कशावरून, हा प्रश्न आम्ही विचारला नाही आणि आम्हालाही कोणी विचारला नाही. खरे तर उत्तर फळ्यावर मांडता येण्याइतके सोपे आहे. ३ ग्रॅम कार्बनबरोबर ४ ग्रॅम ऑक्सिजन संयोग पावला तर कार्बन मोनॉक्साइड मिळतो, ८ ग्रॅम संयोग पावला तर कार्बन डायऑक्साइड. ४ आणि ८, म्हणजे बरोबर दुप्पट. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे ५ किंवा ६ ग्रॅमचे संयुग का मिळत नाही? पदार्थ कितीही बारीक तुटत असता तर मधले प्रमाण अडायला नको होते. पण ऑक्सिजन ठरावीक वजनाच्या कणांनीच जोडला जात असेल, तर एक कण किंवा दोन कण जोडले जातील, दीड नाही. विद्यार्थ्याला आधी हे आकडे द्यावेत, थोडा वेळ डोके खाजवू द्यावे आणि मगच अणू हा शब्द उच्चारावा.

मात्र याच तराजूची मर्यादाही सांगायला हवी. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. डाल्टन यांनी सोपेपणासाठी दोन्हींचा एकेक अणू धरला. तसे असेल तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो. हायड्रोजनचे दोन अणू धरले तर तोच सोळापट जड. वजने दोन्ही बाजूंनी जुळतात! दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांपासून पाणी बनते, हे गे-ल्युसॅक यांनी दाखवले होते. त्याचा अर्थ अ‍ॅव्होगाड्रो यांनी १८११ सालीच लावला होता, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मॅकनेव्हन १८४१ साली वारले. अ‍ॅव्होगाड्रो यांचे म्हणणे कॅनिझारो यांनी कार्ल्सरूहच्या परिषदेत पुन्हा मांडले ते १८६० साली. तोवर पाण्यात हायड्रोजनचे अणू किती, यावर रसायनशास्त्रज्ञांचे एकमत झालेले नव्हते.