घंटा, भुतं आणि एक गुलाबी नोट

दिवाळीचा पाडवा आणि हॅलोविन एकाच दिवशी! ३१ ऑक्टोबर २०१६ला हा योग आला आणि नेमकी तीच तारीख आमच्या बँडला मिळाली. चांगले बँड सुट्टीवर होते, दुसरं काय! आम्ही चौघं टीवायचे. मी बास वाजवायचे. कोरेगाव पार्कातला छोटा पब, मानधन रोख दोन हजार. आमची पहिली कमाई!

'फिश' या अमेरिकन बँडनं १९९४च्या हॅलोविनला बीटल्सचा अख्खा 'व्हाइट अल्बम' वाजवला होता, हे गिटारिस्टनं कुठेतरी वाचलेलं. मग आपणही 'ब्लॅक सॅबथ'चा १९७०चा पहिला अल्बम वाजवायचा, असं ठरलं. (बसली होती तीन गाणी, पण आत्मविश्वास अख्ख्या अल्बमचा!) पहिलं गाणं पाऊस आणि घंटेच्या टोल्यांनी सुरू होतं. घंटा आणायची कुठून? ड्रमरनं देवघरातली आणली. घरी न सांगता.

सुरुवात झकास झाली. अंधार, माइकसमोर घंटा आणि बाहेर कुणीतरी लावलेला सुतळी बॉम्ब... समोरचे वीसेक लोक खरंच दचकले. मग चादर पांघरून भूत झालेला आमचा सिंगर चादरीतच अडकून पडला आणि पडताना त्यानं गिटारची केबल उपटली. मी एकटीच ढुम ढुम वाजवतेय, लोकांना वाटलं हा शोचाच भाग. टाळ्यासुद्धा पडल्या!

दुसऱ्या गाण्यात ड्रमरचा फोन थरथरला. ताईचा पहिला दिवाळसण, जावई घरात, आरतीला सगळे उभे आणि घंटा गायब. त्यानं स्टिक्स ठेवल्या, घंटा उचलली आणि तोंडाला सांगाड्याचा रंग तसाच ठेवून बाइकवरून सदाशिव पेठ गाठली. गिटारिस्टनं माइकवरून जी शिवी हासडली, ती इथं छापता येणार नाही.

पाचशेच्या चार नोटा मिळाल्या. प्रत्येकी एक, हिशेब सोपा. पण 'पळपुट्याला पैसे नाहीत' यावरून भांडण पेटलं. चूक त्याची होतीच, पण भर पबमध्ये शिवी? मी म्हटलं, त्याला नाही तर मलाही नको. नोटा माझ्या बॅगेत पडून राहिल्या आणि बोलणं बंद.

८ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता त्या रद्द झाल्याची घोषणा झाली!

बँकेच्या रांगेत उभी राहिले, तर पुढे ड्रमर. आजीच्या डब्यातल्या नोटा घेऊन. दोन तास न बोलता उभं राहणं अवघड असतं हो. शेवटी तोच म्हणाला, "सॉरी यार, पण आई फोनवर रडत होती." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी तिथूनच गिटारिस्टला फोन लावला आणि ड्रमरच्या हातात दिला.

काउंटरवर चार नोटांच्या बदल्यात एकच मिळाली. गुलाबी, दोन हजारांची! चौघांत वाटायची कशी? सुट्टे कुणाकडेच नव्हते. मग कॅम्पात बिर्याणी खायला बसलो. बिल झालं सोळाशेच्या आसपास. मालकाकडेही सुट्टे नाहीत.

"मग कबाब आणा अजून," गिटारिस्ट म्हणाला आणि पहिली प्लेट त्यानं ड्रमरपुढे सरकवली.