हँडबॉलच्या मैदानांत मुली कोठें आहेत?

क्रिकेटाखेरीज इतर खेळांचेहि देशव्यापी सामने अलीकडे भरूं लागले, आणि आमच्या जयगडच्या घरांतील संध्याकाळचा रिवाज थोडा बदलला. परवचा आटोपली कीं मुलें दूरचित्रवाणीपुढें बसतात. मागोमाग आम्ही वडील माणसेंहि कांहींतरी निमित्त काढून तेथेंच येतों. २०२३ च्या जून महिन्यांत असेच सर्व बसलों होतों. मृगानें त्या वर्षीं हूल दिली होती. आर्द्रा लागल्या तेव्हां कोठें पावसानें जोर धरला आणि खाडीपलीकडचें तवसाळ दिसेनासें झालें. तिकडे जयपूरच्या क्रीडागृहांत प्रीमिअर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम संपत आला होता. सहा संघांची ही स्पर्धा ८ जूनला सुरू झाली होती. २५ जूनच्या अंतिम सामन्यांत महाराष्ट्र आयर्नमेन या संघानें उत्तर प्रदेशाच्या गोल्डन ईगल्स संघास नमविलें, तेव्हां मुलांनीं ओटी डोक्यावर घेतली. त्या गलबल्यांत नववींतील आमची पुतणी एवढेंच म्हणाली, "काका, मुलींचा सामना कधीं आहे?"

मुलींचा सामना नव्हता. सहाहि संघ पुरुषांचे होते.

ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. हँडबॉल म्हणजे हातानें खेळावयाचा फुटबॉल. मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद, म्हणजे सुमारें आठ गुंठे. आमच्या कातळाच्या मुलखांत एवढी सपाट जागा मिळणें हीच पहिली अडचण. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सात खेळाडू असतात. चेंडू हातांत घेऊन तीन पावलांहून अधिक चालावयाचें नाहीं, तीन सेकंदांहून अधिक काळ तो धरून ठेवावयाचा नाहीं, आणि गोलासमोरील सहा मीटरांच्या रेषेंत गोलरक्षकावांचून कोणीं पाऊल टाकावयाचें नाहीं. म्हणून खेळाडू रेषेबाहेरून उंच उडी घेतो आणि हवेंत असतांनाच चेंडू फेकतो. पुरुषांचा चेंडू साधारण असोल्या नारळाएवढा असतो; स्त्रियांचा किंचित् लहान व हलका. तीस तीस मिनिटांचे दोन डाव होतात, आणि तेवढ्या वेळांत डोळ्यांस क्षणाचीहि विश्रांति मिळत नाहीं.

पुतणीच्या प्रश्नानें आम्हांस या खेळाचा इतिहास चाळावा लागला, आणि त्यांत एक गंमत आढळली. डेन्मार्कमध्यें होल्गर नील्सेन या शिक्षकानें १९०६ सालीं या खेळाचे नियम प्रसिद्ध केले हें खरें. परंतु १९१७ सालीं बर्लिन येथें माक्स हायझर यानें जे नियम बसविले ते स्त्रियांच्या खेळासाठीं होते! दोन वर्षांनीं कार्ल शेलेंत्स यानें त्यांत फेरफार केले आणि पुरुष त्यांत शिरले. पुढें काय झालें पाहा. ऑलिंपिकमध्यें बंदिस्त मैदानावरील हँडबॉल पुरुषांसाठीं १९७२ सालीं आला, स्त्रियांसाठीं १९७६ सालीं. आशियाई सामन्यांत पुरुष १९८२ सालीं दिल्लीस खेळले, स्त्रिया १९९० सालीं बीजिंगला. जर्मनींतील राष्ट्रीय लीग पुरुषांची १९६६ पासूनची, स्त्रियांची १९७५ पासूनची.

हें आम्हीं घरांत वाचून दाखविलें तेव्हां मोठ्या काकू हंसून म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाक बायकांचा आणि पहिली पंगत पुरुषांची!" आमच्या घरांत ती रीत मोडून तीस वर्षें झालीं, पण मोडली तीहि काकूंनींच.

बायकांची तयारी नव्हती असेंहि म्हणतां येत नाहीं. मार्च २०२२ मध्यें कझाकस्तानांतील आल्माटी येथें भारताच्या मुलींनीं आशियाई कनिष्ठ गटाचें अजिंक्यपद पटकावलें होतें. त्यानंतर अवघ्या पंधरा महिन्यांनीं जयपूरची पंगत बसली, आणि तींत त्यांचें पान मांडलेलें नव्हतें. लीगमध्यें खेळाडूस मानधन मिळतें, परदेशी खेळाडूंबरोबर सराव घडतो, आणि मुख्य म्हणजे घरोघरचीं माणसें त्याचा खेळ पाहतात. जें कधीं दिसलेंच नाहीं तें आपणांस साधेल, असें मुलीनें कशावरून मानावें?

हें सर्व आम्ही तटस्थपणें लिहीत आहों असें नाहीं. त्याच वर्षीं पुतणीची शाळेच्या संघांत निवड झाली. सरावासाठीं शनिवारीं रत्नागिरीस जावें लागणार, आणि परतीची एस. टी. दिवेलागणीनंतर येणार. तिचे वडील म्हणाले, दहावी तोंडावर आली आहे. आईस काळजी पावसाची आणि काळोखाची. आम्हीं स्वतः, खरें सांगावयाचें तर, या लेखांत जें आवेशानें लिहिलें आहे त्यांतील एक अक्षरहि त्या वेळीं उच्चारलें नाहीं. शेवटीं काकूच बोलल्या, "तिचा दादा क्रिकेटला जात असे तेव्हां गाडी किती वाजतां येते हें कोणीं विचारल्याचें मला आठवत नाहीं."

त्यावर कोणी बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आमच्या बंधूंनीं टेप घेऊन वाडींतील दोन पोफळींमधलें अंतर मोजलें. गोलाची रुंदी तीन मीटर हवी. तें चार बोटें कमी भरलें. दोन मीटर उंचीवर आडवा वासा बांधून झाला. आतां रोज सकाळीं दादा त्यांत गोलरक्षक म्हणून उभा राहतो, आणि मागील पडवीच्या खिडकीचें एक तावदान फुटलें आहे.