चूल, शेकोटी आणि दूरचित्रवाणी

घरांतील मंडळी कोणत्या वस्तूभोंवतीं बसतात, यावरून त्या घराची घडण ओळखतां येते. थंड देशांत हा मान भिंतींतील शेकोटीला होता. शेकोटीच्या वर फळी, फळीवर घड्याळ किंवा फुलदाणी आणि त्यांच्या माथ्यावर एखादें तैलचित्र, अशी तेथील दिवाणखान्याची परंपरा. महाबळेश्वरच्या इंग्रजी अमदानींतील बंगल्यांतूनही अशा शेकोट्या असत. पुढें दूरचित्रवाणीचा संच चपटा झाला, भिंतीवर टांगतां येऊं लागला, आणि तैलचित्राची जागा त्यानें घेतली. मुंबई-पुण्याच्या कांहीं घरांत तर खऱ्या शेकोटीची गरज नसतांही तिचा देखावा उभारून त्यावर संच लावतात.

ही मांडणी योग्य कीं अयोग्य, याचें उत्तर मुरबाड तालुक्यांतील म्हसा गांवाच्या परिसरांत सांपडण्याजोगें आहे. या भागांतील जुन्या पद्धतीचीं घरें कारवीच्या कुडाचीं व शेणमातीनें सारवलेलीं असत. अशा घरांत चुलीच्या वरची जागा रिकामी ठेवीत नाहींत. पण तेथें शोभेची वस्तूही येत नाहीं. बियाण्यासाठीं राखलेलीं कणसें तेथें टांगतात, कारण धुराच्या योगानें त्यांना कीड लागत नाहीं. ऊब आणि धूर ज्याला मानवतो, त्यालाच विस्तवावर स्थान, हा त्यामागील साधा विचार होय.

दूरचित्रवाणीच्या संचास हीं दोन्हीं मानवत नाहींत. सभोंवारची उष्णता ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊं नये, अशी सूचना बहुतेक संचांसोबत दिलेली असते. दुसरी अडचण उंचीची. शेकोटीची फळीच जमिनीपासून सुमारें चार ते साडेचार फूट वर असते. खुर्चीवर बसलेल्या माणसाची दृष्टि मात्र साडेतीन फुटांच्या आसपास, आणि सतरंजीवर बसलेल्याची त्याहून एक फूट खालीं. म्हणजे घटका-दोन घटका मान उंचावून पाहणें आलें. पडद्याचा मध्य दृष्टीच्या रेषेंत येईल इतका संच खालीं घ्यावा, हेंच हितकर.

सजावटीचेंही तसेंच आहे. वारली घरांत लग्नप्रसंगीं गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. पालघट देवी मध्यें, बाकीचीं चित्रें तिच्या भोंवतीं. त्या चौकाशीं स्पर्धा करणारें कांहींच भिंतीवर नसतें. चौकाचें पावित्र्य यंत्राला देण्याचें कारण नाहीं. पण एका भिंतीवर एकच प्रधान वस्तु, ही शिस्त घेण्यासारखी आहे. संचामागें मातकट, चमक नसलेला रंग असावा. कांचेच्या तसबिरी व रोषणाईच्या माळा दुसऱ्या भिंतीवर न्याव्यात. खिडकी समोर न येतां बाजूस यावी. म्हशाची पौष पौर्णिमेची यात्रा बैलांच्या बाजाराप्रमाणें घोंगड्यांसाठींही प्रसिद्ध आहे. तेथील काळी घोंगडी संचाच्या शेजारीं टांगल्यास ती उजेड परतवीत नाहीं आणि खोलींतील आवाजाचा घुमाराही कमी करते. मात्र संचाचीं हवेचीं छिद्रें तिनें झांकूं नयेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बसण्याची. चुलीभोंवतीं माणसें गोल बसतात व एकमेकांचीं तोंडें पाहतात. पडद्यापुढें तीं एका रांगेंत बसतात. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें, त्यानंतरच्या काळांत पुष्कळ संच लांकडी कपाटांतून येत आणि त्यांना सरकतीं दारें असत. कार्यक्रम संपून दारें मिटलीं, कीं खोली पुन्हां माणसांची होई. आजच्या संचाला दारें नाहींत. म्हणून निदान आसनें तरी अर्धवर्तुळांत मांडावीं. पडदा विझल्यावर जी खोली बोलकी राहते, तीच खरी सजलेली म्हणावी.